कुंडीतला जरबेरा दर पावसाळ्यात कुजतो, तेव्हा नेमकं कुठे पाहायचं

जुलै अर्धा सरला की ही तक्रार कानावर येऊ लागते. हिवाळ्यात नर्सरीतून आणलेला जरबेरा मार्चपर्यंत भरभरून फुलला, उन्हाळ्यात जरा मंदावला, पहिल्या पावसाने पुन्हा तजेलदार झाला आणि मग एका सकाळी सगळी पानं लोळलेली दिसली. माती ओली, पानं हिरवीच, पण उकडलेल्या पालेभाजीसारखी मऊ. पाणी कमी पडलं असेल म्हणून आणखी तांब्याभर पाणी घातलं जातं. आठवड्याच्या आत मधला भाग तपकिरी होतो आणि झाड नुसतं उचललं तरी हातात येतं. हिवाळ्यात नवं रोप येतं आणि पुढच्या जुलैत पुन्हा तोच प्रकार.

यामुळे "जरबेरा एका हंगामाचाच" असं पुष्कळांचं मत झालं आहे. ते चुकीचं आहे. जरबेरा बहुवर्षायू आहे. पॉलिहाऊसमध्ये एकदा केलेली लागवड दोन ते अडीच वर्षं फुलं देते आणि नंतर ती काढतात तीही उत्पन्न घटतं म्हणून. कुंडीतसुद्धा तो वर्षामागून वर्ष टिकायला हवा. टिकत नसेल तर त्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं: झाडाचा मधला गड्डा, ज्याला पॉलिहाऊसवाले क्राऊन म्हणतात, तो मातीखाली गेलेला असतो. जुलैत दिसणारी मर खरं तर आधीच, लागवडीच्या दिवशी किंवा मे महिन्यात खत घालताना, सुरू झालेली असते.

तहान आहे की मुळं गेलीत?

दुपारी पानं लोळली आणि संध्याकाळी सावरली, तर तो उन्हाचा परिणाम. एप्रिल-मेमध्ये हे रोज होऊ शकतं. कुंडी दुपारच्या उन्हातून हलवली की थांबतं. पण सकाळी सात वाजताही पानं खालीच असतील आणि बोट दोन पेरं खुपसल्यावर माती ओली लागत असेल, तर पाणी आहे पण ते वर नेणारी मुळं उरलेली नाहीत. अशा वेळी घातलेलं प्रत्येक भांडंभर पाणी रोगालाच पोसतं.

बाहेरच्या बाजूचं एक पान देठाच्या बुडाशी धरून हलकेच ओढा. निरोगी झाडाचं पान चिवट असतं, ओढलं तर अख्खं झाड हलतं. कुजलेल्या झाडाचं पान जोर न लावता निघतं. त्याच्या देठाचं बूड तपकिरी-काळं, बुळबुळीत असतं आणि नाकाशी नेलं तर नासका वास येतो. एवढं दिसलं की झाड कुंडीतून बाहेर काढाच. बरेच जण इथे कचरतात, झाडाला धक्का बसेल म्हणून. पण आता न काढण्यातच धोका जास्त आहे. जरबेऱ्याचं चांगलं मूळ जाडसर, पांढरट-पिवळसर आणि टणक असतं. बिघडलेलं मूळ दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढा: वरची साल सटकन निघून येते आणि आतला बारीक तंतू तेवढा मागे उरतो. ही मूळकुजीची खूण आहे, ती दिसली की दुसरं कारण शोधत बसू नका.

या कुजीमागे अनेक रोगकारक असतात, पण जरबेऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे फायटोफ्थोरा, त्यातही फायटोफ्थोरा क्रिप्टोजिया ही जात. तिचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात. कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी, एकाच ट्रेमध्ये ठेवलेल्या चार कुंड्या, वरच्या कुंडीतून खालच्या कुंडीत ठिबकणारं पाणी, हे सगळे तिचे रस्ते आहेत. एक जरबेरा गेला की पंधरवड्यात शेजारचाही जातो तो यामुळे. बुडाशी पांढरी कापसी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर तो स्क्लेरोशियम. त्यात झाड वाचवण्याच्या फंदात न पडता मातीसकट टाकून द्यावं. ते दाणे मातीत दीर्घकाळ जिवंत राहतात.

पाऊस त्याला नवा नाही

"आफ्रिकेतलं झाड, त्याला आपला पाऊस कसा मानवणार?" असं म्हणून लोक विषय संपवतात. त्यासाठी जरबेरा मुळात कुठला हे नीट पाहायला हवं. आपण लावतो ते संकरित वाण, आणि त्यांचा मुख्य पूर्वज जरबेरा जेमसोनाय. हा दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागात, लिम्पोपो आणि म्पुमलांगा प्रांतांत, तसाच शेजारच्या एस्वातिनीत रानात उगवतो. म्पुमलांगातल्या बार्बर्टन गावावरून त्याला बार्बर्टन डेझी म्हणतात. १८८० च्या दशकात तिथे सोनं सापडलं आणि माणसांची रीघ लागली. त्याच काळात रॉबर्ट जेमसन यांनी त्या भागातून ही रोपं गोळा केली, म्हणून जातीला त्यांचं नाव. शास्त्रीय वर्णन १८८९ साली छापून आलं. पुढे केंब्रिजच्या वनस्पती उद्यानात रिचर्ड लिंच यांनी त्याचा जरबेरा व्हिरिडिफोलियाशी संकर केला आणि आज दिसणाऱ्या लाल, केशरी, गुलाबी, पांढऱ्या रंगांची वाट मोकळी झाली.

बार्बर्टनच्या भागातही पाऊस उन्हाळ्यातच पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. म्हणजे गरम दिवसांतला पाऊस या झाडाच्या रक्तातच आहे. फरक पडतो तो जमिनीत आणि उन्हात. तिथे ते उतारावरच्या गवताळ, खडकाळ, रेताड जमिनीत वाढतं. सर येते, पाणी वाहून जातं, पुन्हा ऊन पडतं. आपल्याकडे मुंबई, कोकण, गोव्यात जुलैमध्ये आठवडाभर आभाळ उघडत नाही, कुंडीतली माती एकदाही सुकत नाही आणि क्राऊनच्या खोबणीत पाणी साचून राहतं. झाड मरतं ते या साचलेपणाने. म्हणून झाड हौदासारख्या खोल कुंडीत न दडपता उंचवट्यावर बसवलं की अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

क्राऊन खाली जातो कसा

ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. जरबेऱ्याला खोड नसतं. सगळी पानं आणि सगळ्या कळ्या एकाच आखूड गड्ड्यातून निघतात. नर्सरीतल्या काळ्या पिशवीत तो गड्डा मातीच्या वर दिसत असतो. घरी आणल्यावर, रोप डुगडुगतं म्हणून आपण ते थोडं खोल लावतो आणि बाजूने माती दाबतो. गुलाब-मोगऱ्याला चालणारी ही सवय जरबेऱ्याला मारते.

बरोबर लावलं तरी काम संपत नाही. जरबेऱ्याची जाड मुळं आकुंचन पावतात आणि हळूहळू गड्ड्याला खाली ओढतात. त्यात कुंडीतलं शेणखत, कोकोपीट कुजून माती बसते, तिच्याबरोबर झाडही खाली सरकतं. मग कुंडी रिकामी दिसते म्हणून मे महिन्यात आपण वरून दोन ओंजळी गांडूळखत घालतो, आणि ते नेमकं गड्ड्यावर पडतं. जूनमध्ये पाऊस येतो तेव्हा कोवळ्या कळ्यांचा तो भाग ओल्या खताखाली गाडलेला असतो.

तपासायचं कसं? वरून सरळ मध्यभागी पाहा. पानांचे देठ जिथे एकत्र येतात तो सांधा आणि त्यामधल्या लव असलेल्या, वाटाण्याएवढ्या कळ्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत. देठ थेट मातीतून वर आल्यासारखे दिसत असतील तर क्राऊन बुडालाय. पॉलिहाऊसमध्ये लागवडीलाच तो मातीच्या १ ते २ सेंटिमीटर वर ठेवतात. कुंडीत मी २ सेंटिमीटरच धरा म्हणेन, कारण तो खाली येणारच आहे. सुरुवातीला रोप जरा हलतं, हलू द्या. दोन-तीन आठवड्यांत ते स्वतःच घट्ट धरतं.

तळेगाव दाभाड्याच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये किंवा सातारा-सांगलीकडच्या एखाद्या पॉलिहाऊसमध्ये गेलात तर फुलांकडे पाहून झाल्यावर खाली बेडकडे जरूर पाहा. बेड साधारण ४५ सेंटिमीटर उंच असतो. त्यात लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस भरलेलं असतं. पाणी ठिबकने, मुळाशी. डोक्यावर प्लास्टिक असल्याने पावसाचा थेंब क्राऊनवर पडत नाही. एवढी काळजी घेऊनही तिथे मर येते आणि दर काही दिवसांनी खालची जुनी पानं काढून गड्ड्याभोवती हवा खेळती ठेवावी लागते. घरच्या कुंडीत यातलं काहीच न करता झाड जगेल अशी अपेक्षा ठेवणं झाडावर अन्याय आहे.

फूल काढण्याची पद्धतही यात येते. कात्रीने दांडा अर्धवट कापला तर उरलेला तुकडा कुजतो आणि ती कुज खाली गड्ड्यात उतरते. दांडा बुडाशी धरून बाजूला वाकवायचा आणि किंचित पीळ देत ओढायचा, तो सांध्यातून स्वच्छ सुटतो. बाजारात दहाच्या जुडीत येणारी फुलं अशीच ओढून काढलेली असतात. पिवळी पडलेली पानंही तशीच काढा, पण दुसऱ्या हाताने गड्डा धरून.

लागलेली कुज कशी थांबवायची

गड्डा पूर्ण मऊ झाला असेल तर झाड गेलं. अर्ध्याहून अधिक गड्डा टणक असेल तर प्रयत्न जरूर करा.

झाड काढून मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा. काळी, पोकळ, साल सुटलेली मुळं स्वच्छ पात्याने कापा. गड्ड्याचा तपकिरी भाग पांढरा टणक भाग दिसेपर्यंत खरवडा. पात्याला प्रत्येक कापानंतर स्पिरिट लावा. बाहेरची मोठी पानं काढून मधली चार-पाचच ठेवा, कारण थोड्या मुळांना एवढ्याच पानांचा भार पेलतो. कळी असेल तर तीही खुडा, कितीही जिवावर आलं तरी. मग झाड दोन-तीन तास सावलीत, हवेशीर जागी उघडंच ठेवा म्हणजे कापलेल्या जागा सुकतील. नवी माती, धुतलेली किंवा नवी कुंडी, क्राऊन वर.

औषधाबाबत एक मुद्दा ठामपणे सांगतो, कारण इथे पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात. दुकानात "बुरशी लागली" एवढंच सांगितलं की बहुतेक वेळा कार्बेन्डाझिमची पुडी हातात पडते. फायटोफ्थोरा आणि पिथियम या रोगकारकांवर कार्बेन्डाझिमचा उपयोग होत नाही. ते खऱ्या बुरशीच्या गटातलेच नाहीत. त्यांच्यासाठी मेटॅलॅक्सिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्रण २ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून मातीत ओतावं, म्हणजे ड्रेंचिंग करावं. दहा इंची कुंडीला अर्धा लिटर पुरतं. दहा-बारा दिवसांनी पुन्हा द्यायचं तर तेच न देता फोसेटिल-एएल २ ग्रॅम प्रति लिटर द्या. एकच औषध सारखं वापरलं तर रोग त्याला दाद देईनासा होतो. हातमोजे घाला, लेबल वाचा, गॅलरीत लहान मुलं किंवा मांजर असेल तर कुंडी त्या दिवशी उंचावर ठेवा.

ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगकारकांना रोखणारी उपयोगी बुरशी, उत्तम आहे, पण आजार येण्याआधी. कुजलेल्या झाडावर तो ऐन वेळी धावून येत नाही. आणि रासायनिक बुरशीनाशकाबरोबर दिला तर तोच मरतो. दोन्हींत किमान पंधरा दिवसांचं अंतर हवं.

पुढचे दोन आठवडे झाड उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही, खत तर अजिबात नाही. मधून लव असलेलं, घडी घातलेलं नवं पान निघालं की समजा मुळं धरली.

माती

काळी माती जरबेऱ्याला दोन बाजूंनी नडते. एक तर ती पाणी धरते. दुसरं म्हणजे देशावरच्या काळ्या मातीत चुना जास्त, सामू (पीएच) साडेसातच्या पुढे. जरबेऱ्याला ५.५ ते ६.५ सामू लागतो. कोकणातली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी असते, म्हणून त्या बाबतीत कोकणवाल्यांचं नशीब चांगलं. लाल माती दोन वाटे, कोकोपीट एक वाटा, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक वाटा आणि भाताचं तूस किंवा जाड वाळू एक वाटा, हे मिश्रण मला सर्वांत भरवशाचं वाटतं. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. भरलेल्या कुंडीत लिटरभर पाणी ओता: ते वर तळ्यासारखं न थांबता लगेच उतरून खालच्या भोकातून आलं पाहिजे.

तळाशी विटांचे तुकडे, खडी यांचा जाड थर घालण्याची पद्धत सोडून द्या. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही. ते सीमेवर अडकतं, आणि ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापराचा तुकडा पुरे. कुंडी मात्र दोन विटांवर ठेवा, म्हणजे भोक फरशीला टेकणार नाही. बशी जून ते सप्टेंबर काढूनच ठेवा.

कुज नसूनही झाड बिघडलं असेल तर

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, मुळं ठणठणीत: हा लोहाचा तुटवडा, आणि बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांकडे तो हमखास दिसतो. मातीत लोह असतं, पण सामू वाढल्याने झाडाला घेता येत नाही. चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं, लोह १ ग्रॅम प्रति लिटर पानांवर सकाळी फवारा. मातीतून द्यायचं आणि माती चुनखडीची असेल तर ईडीडीएचए प्रकारचं मागा, ईडीटीए तिथे टिकत नाही. पावसाचं पाणी साठवून तेच घातलं तर फार फरक पडतो. जुन्या पानांत हाच प्रकार दिसला तर मॅग्नेशियम कमी आहे.

पाकळ्या एका बाजूच्या गायब, फूल वाकडं, मधली पानं आखडलेली आणि चकाकणारी असतील तर कोळी कीड (माइट). ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून लोक खताची कमतरता समजतात. पाकळ्यांवर पांढरट ओरखडे आले तर फुलकिडे. पानावर नागमोडी रेघ असेल तर नागअळी, ते पान तोडून टाकणं पुरतं. पांढरी पावडर म्हणजे भुरी. ती पावसात कमी आणि ऑक्टोबरनंतरच्या थंड-दमट रात्रींत जास्त येते. पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम प्रति लिटर कोळी आणि भुरी दोन्हींवर चालतं, फक्त कडक उन्हात फवारू नका, पानं भाजतात.

नुसती पानंच, फुलं नाहीत? उजेड कमी किंवा नत्र जास्त. हिवाळ्यात पाच-सहा तास ऊन हवं. युरियाची चिमूट टाकणं थांबवा, पालाश जास्त असलेलं विद्राव्य खत पंधरा दिवसांतून एकदा, पातळ करून द्या.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात

मे अखेरीस प्रत्येक कुंडीतली वरची माती बोटांनी बाजूला सारून क्राऊन मोकळा करा. खूपच खाली गेला असेल तर झाड मातीच्या गोळ्यासकट काढून खाली नवी माती घालून वर बसवा. ट्रायकोडर्मा याच वेळी द्या. जुनी, जमिनीला टेकलेली पानं काढा. खत मेच्या पहिल्या पंधरवड्यानंतर नको.

मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली, पण भरपूर उजेडात हवीच, इथे तडजोड नाही. पुणे-नाशिकला वळचणीच्या आत दोन फूट सरकवली तरी भागतं. नागपूर-अकोल्याकडे पावसापेक्षा एप्रिल-मेचा उन्हाळा मोठा शत्रू आहे. हिरव्या जाळीखाली ठेवा, पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पण ते गड्ड्यापासून चार बोटं लांब. पाणी कुठेही सकाळीच आणि कुंडीच्या कडेने, मध्यावर नाही.

कुजलेल्या झाडाची माती पुन्हा जरबेऱ्याला वापरू नका, शेवंती आणि टोमॅटोलाही नको, त्यांनाही हाच फायटोफ्थोरा लागतो. ती वापरायचीच असेल तर एप्रिल-मेमध्ये ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली गच्चीवर पातळ पसरून चार ते सहा आठवडे तापू द्या. पावसाळा पार केलेल्या झाडाला ऑक्टोबरमध्ये दोन-तीन गड्डे झालेले दिसतील. प्रत्येकाला स्वतःची मुळं आहेत ना हे पाहून ते वेगळे करा, आणि लावताना पुन्हा क्राऊन मातीच्या वर.